वाटीरोट कशानं फुगतात

धारूरच्या किल्ल्याखाली एक झरा आहे. त्याचं पाणी घातलं की वाटीरोट फुगतात, असं मी वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत मानत होते. नुसती मानत नव्हते, ते पाणी घागरीत भरून, तोंडाला फडकं बांधून, बैलगाडीत मांडीशी धरून सासरी नेकनूरपर्यंत नेत होते. वाटेत एक मुक्काम पडे. गाडी धोंड्यावरून उडाली की मी आधी घागर सावरायची आणि मग मांडीवरचं पोर. एकदा घागर सावरली आणि पोर गाडीच्या साट्यावर आपटलं. माझ्या थोरलीच्या कपाळावर त्याची खूण अजून आहे. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. माझ्या सासरची माणसं पोटभर हसून बसलेली आहेत, त्यात आणखी चौघांची भर पडली तर माझं काय जातं? पण ती घागर मला कोण भरून द्यायचं, ते आधी ऐका. माझी आई.

आमचं माहेर धारूरचं. लिंगायत वाण्याचं घर, पुढं किराण्याचं दुकान, मागं राहायचं. वाटीरोट हा पदार्थ अख्ख्या गावात आमच्याच घरी होई. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, गूळ, लोणी, वेलदोडा. भल्या सकाळी सैलसर भिजवून चुलीच्या उबेला ठेवायचं. उन्हं अंगणात आली की पितळी वाट्यांना तूप लावून त्यांत अर्ध्यापर्यंत ओतायचं, वर खसखस. रुंद तोंडाच्या पातेल्यात वाळू तापत ठेवलेली असे. तिच्यावर वाट्या मांडायच्या, वर परात झाकायची, परातीवर निखारे. थोड्या वेळानं आई परात उचले तेव्हा प्रत्येक वाटीच्या काठावर एकेक गोल, तपकिरी डोकं वर आलेलं असे. फोडला की आत जाळी, कापसासारखा मऊ. गुळाच्या वासामागं एक किंचित आंबूस वास यायचा. त्या वासानं आम्ही भावंडं चुलीपुढून हलत नसू.

आई हे शिकली तहसीलच्या साहेबांच्या बावर्च्याच्या बायकोकडून. ती आमच्या मागच्या गल्लीत राहायची. तिचा नवरा साहेबांसाठी असलंच काहीसं अंडी घालून भाजायचा. आमच्या घरात अंड्याचं नाव काढणंसुद्धा पाप. आईनं अंडी वजा केली आणि आपल्या वाट्यांत आपला पदार्थ केला. पुढं साहेबांची बदली झाली, बावर्ची गेला, त्याची बायको गेली, आणि वाटीरोट आमचे झाले.

ते व्हायचे सोमवारी. सोमवारी पहाटे आई तांब्या घेऊन एकटीच झऱ्यावर जायची. परत येताना तांब्याच्या तोंडावर बेलाची पानं घातलेली असत. त्या तांब्याला आम्ही मुलांनी शिवायचं नाही. पूजेचं पाणी. पूजा झाली की त्याच पाण्यात पीठ भिजवायचं. पावसाळ्यात मात्र वाटीरोट बंद. का, तर झरा गढूळ होतो. आम्ही पोरं पावसाळा संपायची वाट बघायचो.

अप्पा, म्हणजे माझे वडील, आचाराला कडक. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचे नाहीत. दुकानाच्या पायरीवर कुणी शिंदी पिऊन आला की वास लांबूनच ओळखायचे. सौदा द्यायचे नाहीत, उलट तो गेल्यावर पायरी धुवून घ्यायचे. ती पायरी मी कितीदा धुतली असेल त्याची गणती नाही. "जीभ बाटली की लिंग बाटलं," हे त्यांचं वाक्य मला पाठ होतं. वर्षातून एकदा जंगमस्वामी घरी येत. त्यांची पाद्यपूजा झाली की आई वाटीरोट वाढी. स्वामी तीन खात आणि वर म्हणत, असला शुद्ध पदार्थ पाहण्यात नाही. अप्पांची छाती फुगे. वाटीरोटापेक्षा जास्तच.

बाराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी मी नांदायला निघाले. निघायच्या आदल्या दिवशी आईनं मला मागच्या खोलीत बोलावून पेटी उघडली. पुतळ्यांची माळ, गोठ, नथ. मी माळेला हात लावला तसा तिनं माझा हात धरला.

"हे घरातच ऱ्हातं बाई. सुनंला जातं," ती म्हणाली. "तुला म्या रीत देते. दागिना मोडतो, रीत मोडत न्हाई."

मग तिनं मला वाटीरोट शिकवले. पीठ न भिजवता, तोंडीच, दुपारभर शिकवले. पीठ किती, गूळ किती, निखारे कधी ओढायचे. पाणी झऱ्याचंच. विहिरीचं का नको म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "न्हाई फुगणार." आणि तिनं स्वतः घागर भरून माझ्या गाडीत ठेवली. त्या दिवशी मला वाटलं, माळ गेली तर गेली, आईनं मला तिच्याजवळचं सगळ्यांत मोठं काही दिलं. दादाचं लग्न अजून व्हायचं होतं. जी सून अजून घरात आलीच नव्हती तिची मला कीव आली. बिचारीला नुसतं सोनं मिळणार होतं.

सासरी मी गप्प बसले नाही, हा माझा गुन्हा. जावेनं पुरणपोळी केली की मी म्हणायचे, आमच्याकडं वाटीरोट असतात. सासूबाईंनी अनारसे केले की मी म्हणायचे, आमच्याकडं वाटीरोट असतात. शेवटी सासूबाई म्हणाल्या, कर बाई एकदाचे. स्वामी यायचे होते, चांगला मुहूर्त होता. मी झऱ्याचं पाणी काढलं, पीठ भिजवलं, उबेला ठेवलं, वाळू तापवली. परात उचलली तर वाट्यांच्या तळाशी एकेक चपटी चकती बसलेली. दिरानं एक उचलून उंबऱ्यावर आपटली. उंबऱ्याला काही झालं नाही आणि चकतीलाही काही झालं नाही. आमचं तेही वाण्याचंच घर, तेव्हा त्यानं चकती तराजूत टाकली आणि म्हणाला, "वैनी, अच्छेराचं वजन हरवलंतं, बरं झालं." त्या दिवसापासून माझ्या वाटीरोटांचं नाव अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, पडलं. जावेनं त्यांतला एक लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर ठेवला आणि तो तिथं वर्षभर होता.

मी पहिल्या सणाला माहेरी गेले तेव्हा त्यांतलाच एक फडक्यात बांधून आईला दाखवायला नेला. तिनं तो हातात घेतला, उलटा केला, नखानं टोकरला.

"तुझा हात लई घाईचा हाय," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला म्हणाली, मन शांत ठेवून भिजव. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाली, एकेकीच्या हाताचा गुण असतो, बाई. आणि दर खेपेला निघताना घागर भरून द्यायची. मी माझ्या हाताला दोष देत राहिले. मुली मोठ्या होऊ लागल्या, आणि त्यांनाही घरात सगळे सांगायचे, तुझ्या आईच्या हाताला फुगवण नाही. मला चीड यायची, पण आईचा राग कधी आला नाही. आईनं तर रीत दिली होती. करंटी मीच.

आई तापानं गेली. निरोप आला, मी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. लिंगायतांत पुरतात. मी नुसती माती बघितली. दागिने वहिनीकडं गेले. मला आत काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात आलंच. पण मी स्वतःला समजावलं की तुझ्याजवळ रीत आहे.

ती मोडकी का असेना, माझी होती. आई असताना मी वर्षातून एकदोनदा करून बघायचे, ती गेल्यावर मला ध्यास लागला. आता मला नाही जमलं तर वाटीरोट गेलेच, असं वाटायचं. मी पीठ तीन तीन दिवस भिजत ठेवलं, त्याला मुंग्या लागल्या. आंबट ताक घातलं, ते फाटलं. एकदा पापडखार घातला. थोडंसं फुगलं, पण रंग शेवाळासारखा आणि चव साबणाची. आमचे हे स्वभावानं गरीब. त्यांनी तो साबण खाल्ला आणि म्हणाले, "आता सोड की नाद." कसा सोडणार? आईनं मला दिलेलं तेवढं एकच होतं.

दोनेक वर्षांनी दादाचा निरोप आला, अप्पा खाटेला खिळलेत, येऊन जा. मी गेले. अप्पा वाळून गेले होते. पेज दोन घोट घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. मी पायाशी बसले तसे म्हणाले, "वाटीरोट खावा वाटतो बग."

वहिनी दारात उभी होती. "म्या करते," ती म्हणाली.

मी ताडकन उठले. "तुमी न्हाई. म्या करते. आईनं रीत मला दिलीय."

वहिनी दारातून मागं वळली. मला वाटलं, खट्टू झाली. होऊ दे, मी मनात म्हटलं. मी स्वतः झऱ्यावर गेले. वाळू, निखारे, वाट्या, सगळं आईचं, सगळं तिच्याच चुलीवर. आता घागरीतलं शिळं पाणी नाही, ताजं. परात उचलली आणि चकत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. पुन्हा चकत्या. अप्पा आतून विचारत होते, "झाले का गं?" आणि मी चुलीपुढं तोंडात पदर कोंबून बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मागल्या दारानं आली. तिच्या हातात आईचा तांब्या होता. तोंडावर बेलाची पानं. तिनं तो माझ्यापुढं ठेवला.

"आक्का, आज ह्यात भिजवा."

मी पानं बाजूला केली. आत पांढुरकं, फेसाळलेलं काहीतरी. वास आला आणि मी लहान झाले. तोच तो, गुळामागचा आंबूस वास. पण ह्याच वासासाठी मी पायरीसुद्धा धुतली होती. तो मी दोन्ही ठिकाणी हुंगला होता, आणि दोन्ही वास एकच आहेत हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. अप्पांच्या पोरीच्या ते डोक्यात येणार तरी कसं?

"शिंदी हाय," वहिनी खाली बघत म्हणाली. "झऱ्याच्या वरल्या अंगाला शिंदी उतरवणाऱ्याची झोपडी हाय न्हवं, त्याची बायको देती. पावसाळ्यात झाडं उतरवत न्हाईत."

म्हणजे गढूळ झरासुद्धा खोटा होता.

"तुमाला आईनं कवा सांगितलं?"

"म्या आले त्याच्या दुसऱ्याच साली. लिंगाची शपथ घातलीती, कुणापाशी बोलायचं न्हाई म्हणून. तुमचे हाल बगवंनात, म्हणून आज मोडली."

"आन मला कावून न्हाई?"

वहिनीनं चुलीत काटकी सारली. "लेक दुसऱ्याच्या घरची, म्हणल्या. उद्या सासरी भांडण झालं, रागाच्या भरात तोंडातून निगालं, तर अप्पांचं नाक जाईल. सून कुटं जाती, म्हणल्या. तिचं नाकबी ह्याच घरात हाय."

"मग पाणी कावून दिलं?"

"तुमी लई आशेनं बगत व्हतात. काय तरी द्याया पायजे का न्हाई, म्हणल्या."

काय तरी द्याया पायजे. अठरा वर्षं मी त्या काहीतरीला मांडीशी धरून गाडीत बसत होते. माझ्या पोरीचं कपाळ फुटलं तेव्हा मी आधी घागरीकडं बघितलं होतं. आणि आई माझ्या चकत्या नखानं टोकरून मला सांगत होती की तुझा हात घाईचा आहे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं कापला असता तर मी ओरडले तरी असते. आई मेली होती. आता मी कुणाशी भांडू?

मी तो तांब्या अंगणात भिरकावणारच होते. वहिनीनं माझा हात धरला, आईनं पेटीपाशी धरला होता तसाच. "अप्पा खात न्हाईत," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू नका म्हंजे झालं."

मी विचारात पडले. आयुष्यभर त्या वासाची पायरी धुवून घेणारा माणूस, गळ्यात लिंग, खाटेवर शेवटचे दिवस. त्याला आपल्या हातानं हे खायला घालायचं? आईनं घातलं होतं खरं. पण ते तिचं पाप. मग मनात असंही आलं की होऊ दे बाटायचं ते. ह्या घरात खरं कुणाला लागतं? मी बापाच्या मायेनं पीठ भिजवलं की आईवरच्या रागानं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. वहिनीनं सांगितलं त्याहून एक पळी जास्तच ओतली, एवढं आठवतं.

परात उचलली. सातही वाट्यांतून सात डोकी वर आली होती. गोल, तपकिरी, खसखस फाकलेली. माझ्या हातून पहिल्यांदा. माझ्या हाताला काहीएक झालेलं नव्हतं, कधीच नव्हतं. मी रडले ते धुरानं नाही आणि आनंदानंही नाही.

वहिनीनं अप्पांना टेकून बसवलं. मी वाटीरोट दुधात कुस्करून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी डोळे मिटले, सावकाश चघळलं, गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. अर्धा संपल्यावर म्हणाले,

"शिंदी जरा ज्यादा झाली."

मी वहिनीकडं बघितलं. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही हे नवीन असावं.

"अप्पा, तुमाला ठावं व्हतं?"

"काय?"

"शिंदीचं."

दुकानाला दार आहे का असं मी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ठावं न्हाई तर! बावर्च्याची बायको तुज्या आईला सांगत व्हती तवा म्या दुकानातच बसलतो. अंडा नक्को तो सेंदी डालो, म्हणली ती. आगीवर चढल्यावर काय ऱ्हातंय तिच्यात? घरातल्या घरात हाय. भाईर जाऊ ने म्हंजे झालं."

"दादाला?"

"त्योच तर आणायचा कवा कवा, तुजी आई आजारी असली की. घरातल्या समद्यायला ठावं हाय की." मग जरा थांबून, अगदी सहज, "तुला सांगितलं न्हाई व्हय तिनं? न्हाई सांगायची. तू पावनी."

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. तेच मला जास्त लागलं. लपवावं असं त्यांना आता काही वाटतही नव्हतं. आई एकटीनं फसवत होती असं समजून मी निदान तिच्यावर रागावले होते. आता कळलं की आई बापापासून लपवत नव्हती, बाप आईपासून लपवत नव्हता, दादा दोघांच्या मधे तांब्या वाहत होता. ह्या सगळ्यांनी मिळून ज्याच्यापासून लपवलं ते माणूस एकच होतं, आणि ते वास आला की इमानानं पायरी धूत होतं. बाहेर जाऊ नये म्हणून जपलेल्या गोष्टीत, बाहेर म्हणजे मी.

अप्पांनी दोन वाटीरोट खाल्ले. त्या दिवशी त्यांना बरी झोप लागली. मी आणखी तीन दिवस राहिले, रोज करून दिले, शिंदी बेतानं घालून. लेकीचं काम म्हणून केलं. चुलीपुढं बसले की आईशी मनातल्या मनात भांडायचे. ती नुसती नखानं टोकरत राहायची.

निघायच्या दिवशी मी पाया पडले. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वहिनीला हाक मारली. "हिची घागर भरून दे गं. हिला ते पाणी लई लागतंय."

वहिनी माझ्याकडं बघत उभी राहिली. मी गाडीकडं वळले. तिनं घागर भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडीत माझ्या जागेशेजारी ठेवली. सवयीनं मी ती मांडीशी धरली. पार मुक्कामापर्यंत धरून बसले.

मुक्कामाला गाडीवानानं बैल सोडले. विहीर लांब होती, तो बादली शोधायला लागला. मी म्हटलं, कशाला जाता, ही घागर पाजा बैलांना. तो चपापला. इतकी वर्षं तोच गाडी हाकायचा, घागर त्याच्या ओळखीची होती. एकदा तो चूळ भरायला त्यातलं घोटभर मागायला गेला तर मी त्याला झिडकारलं होतं.

"आवो आक्का, वाटीरोटाचं पाणी हाय न्हवं ते?"

"पाणीच हाय," मी म्हटलं. "पाजा."